दस्तक दाखवा! कान्होजी आंग्रे आणि समुद्रावरच्या निरोपांची भानगड

रात्रपाळीत काम कमी असलं की मी फोनवर जहाजं बघत बसतो. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचं काम करतो. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, दिसतात ते एकावर एक रचलेले डबे आणि लांबवर क्रेनचे दिवे. पण जहाजं दाखवणारं कुठलंही ॲप उघडा, मुंबई बंदराच्या तोंडाशी रंगीत बाणांची ही गर्दी! एका बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव, वेग, कुठून आलं, कुठं चाललंय, सगळं समोर. बहुतेक वेळा निशाण लायबेरियाचं नाहीतर पनामाचं, मालक तिसऱ्याच देशातला, खलाशी फिलिपिन्सचे आणि एखाददुसरा आपला रत्नागिरीचा.

हे ॲपला कळतं कसं? जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. चालतं जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवरून आपली ओळख आणि जागा ओरडून सांगत असतं. ओळख म्हणजे नऊ आकडी एमएमएसआय नंबर, आपल्या मोबाइल नंबरासारखा. पहिले तीन आकडे देशाचे. ४१९ दिसला की समजा, नोंदणी भारतातली. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांच्या वरच्या जहाजांना हे यंत्र लावणं सक्तीचं आहे. गंमत अशी, की हे ओरडणं खरं आहे का, ते तपासायची सोय त्या यंत्रात नाहीच. चुकीचा नंबर, चुकीची जागा पाठवता येते आणि काही जहाजं पाठवतातही.

नकाशा थोडा दक्षिणेला सरकवला की थळच्या समोर एक बारीक ठिपका येतो. खांदेरी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ मराठा किल्ले गेले, त्यातला हा एक. तीनशे वर्षांपूर्वी इथून जाणाऱ्या प्रत्येक गलबताला एक माणूस विचारायचा, तू कोण, कुणाचा, आणि त्याचा पुरावा काय. त्या माणसाचं नाव कान्होजी आंग्रे. शाळेत आपण त्यांच्या लढाया शिकलो. मला मात्र या नोकरीत आल्यावर त्यांची दुसरीच गोष्ट दिसायला लागली. आयुष्यभर त्यांनी एक कागद लिहिला आणि समोरच्यानं तो वेगळाच वाचला.

पोरगा सुवर्णदुर्गाचा

घराणं मूळचं संकपाळांचं. पुण्याकडच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते, त्यामुळं कान्होजींचं लहानपण गेलं ते हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात. आजूबाजूला कोळी, भंडारी, खारवी. बंदरात अरबांची तारवं, पोर्तुगीजांची गलबतं, जंजिऱ्याच्या सिद्दीची माणसं. म्हणजे रोजच्या जगण्यातच चार-पाच भाषा. पुढं कान्होजींच्या पदरी युरोपीय गोलंदाजही होते, तेव्हा भाषेचं परकेपण त्यांना आडवं आलं असेल असं मला वाटत नाही. आडवं आलं ते वेगळंच काहीतरी.

१६८९ साली सगळं कोसळलं. संभाजी महाराज मारले गेले, रायगड मोगलांकडे गेला, राजाराम महाराज दूर जिंजीला. कोकणात तेव्हा वरून हुकूम यायची वाटच तुटली होती. आपल्या भाषेत, सर्व्हर डाऊन! अशा वेळी जो जागेवर टिकून राहतो आणि स्वतः निर्णय घेतो, त्याचंच लोक ऐकायला लागतात. कान्होजी टिकले. १६९८ च्या सुमारास, सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर, ते सरखेल झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुख्य ठाणं कुलाब्याचा किल्ला, अलिबागचा. ओहोटीला आपण चालत जातो ना, तोच.

दस्तक म्हणजे काय

समुद्रात कुंपण नसतं. मग आपली हद्द सांगायची कशी? या किनाऱ्यावर त्याची एक रीत पोर्तुगीजांनी पाडली होती, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. त्यांचा परवाना होता कार्ताझ. जहाजाचं नाव, तांडेल कोण, माणसं किती, हत्यारं किती, जायचं कुठं, हे सगळं त्यात लिहिलेलं. हा कागद विकत घ्यायचा, पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरायची आणि मग निर्धास्त जायचं. कागद नसेल तर जहाज जप्त. मोगल बादशहाची जहाजंसुद्धा हा कागद बाळगायची.

कान्होजींनी तेच केलं, फक्त कागद स्वतःचा. त्याला म्हणायचे दस्तक. आंग्र्यांचा शिक्का असलेला परवाना असेल त्या गलबताला आंग्र्यांची माणसं हात लावणार नाहीत, नसेल तर धरणार. मुंबईपासून खाली सावंतवाडीच्या बाजूपर्यंतच्या किनाऱ्यावर हा हुकूम चालावा, अशी त्यांची धडपड.

आता आपल्या फोनवर या. बँकेची साइट उघडली की पत्त्याशेजारी कुलूप दिसतं. त्या कुलपामागं एक सर्टिफिकेट असतं. ही साइट खरोखर त्याच पत्त्याची आहे, असं एक तिसरी संस्था लिहून देते. पण त्या संस्थेवर फोननं विश्वास का ठेवावा? कारण कोणकोणत्या संस्था मानायच्या याची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या सुरक्षा विभागात खोदलंत तर ती यादी सापडते, बघा एकदा. यादीत नसलेल्या संस्थेनं कितीही सुंदर सर्टिफिकेट दिलं तरी ब्राउझर लाल धोक्याचं पान दाखवतो.

कान्होजींचं दुखणं नेमकं हेच. त्यांचा दस्तक खोटा नव्हता. शिक्का होता, सही होती, मागं गुराबा आणि तोफा होत्या. पण मुंबईच्या इंग्रजांच्या यादीत आंग्रे हे नावच नव्हतं. परवाना देणं हे राजाचं काम, हे इंग्रजांना मान्य होतं. मोगलांचा कागद ते मानत, स्वतःचे पास ते बिनदिक्कत देत. फक्त हा माणूस राज्याचा सेनापती आहे, हे मानायची त्यांची तयारी नव्हती. मराठी कागदात जो सरखेल, तोच इंग्रजी कागदात समुद्रचोर. दोन्हीकडचे लिहिणारे एकाच माणसाबद्दल लिहीत होते. जकात आणि लूट यांच्यात फरक करायचा तर आधी सरकार कोण ते ठरावं लागतं, आणि तेच ठरलेलं नव्हतं.

निशाण कुणाचं, माल कुणाचा

१७०४ मध्ये इंग्रजांनी रेनॉल्ड्स नावाचा माणूस कान्होजींकडे पाठवला. निरोप असा, की मुंबईच्या पाण्यात जहाजांची झडती घेणं, ती अडवणं चालणार नाही. उत्तर आलं ते ताठ होतं. आपण इंग्रजांवर उपकार केले, शब्द त्यांनी मोडला, आता त्यांची जहाजं दिसतील तिथं धरू, असा त्याचा आशय. निरोप पोचला, समजलाही. समजूत मात्र झाली नाही.

मग वर्षानुवर्षं चकमकी. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं स्वतःचं गलबतच आंग्र्यांच्या हाती लागलं. त्यावर कारवारचे कंपनीचे अधिकारी चाऊन होते, ते लढाईत मेले आणि त्यांची तरुण बायको कैदेत आली. १७१३ च्या फेब्रुवारीत तह झाला, ३० हजार रुपये मोजून इंग्रजांनी बाईंना सोडवून नेलं.

या तहात कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही असं ठरलं, आणि बदल्यात इंग्रजांनी आपलं संरक्षण फक्त आपल्याच जहाजांना द्यायचं. आता हे वाचायला सोपं. पण इंग्रजांचं जहाज म्हणजे काय? कान्होजींच्या लेखी, ज्याचा मालक इंग्रज ते. मुंबईच्या कंपनीवाल्यांच्या लेखी, ज्यावर इंग्रजी निशाण किंवा इंग्रजी पास ते, मग आतला माल सुरतेच्या शेठजींचा का असेना. देशी व्यापाऱ्यांनाही हे सोयीचं पडायचं. निशाण चढवलं की दस्तकाचे पैसे वाचले! पुढं सक्सेस नावाचं जहाज आंग्र्यांनी धरलं. त्याचा मालक सुरतेतला कंपनीचा देशी दलाल. इंग्रज म्हणाले तह मोडला. आंग्र्यांच्या बाजूनं बघितलं तर तहाप्रमाणंच वागणूक झाली होती.

एकच वाक्य, दोघांची सही, अर्थ दोन. आमच्या यार्डात याचा अनुभव आठवड्याला येतो. लायबेरियाचं निशाण लावलेलं जहाज लायबेरियाचं असतं का? कागदोपत्री असतं. कर, नियम, नोंदणीची फी यांच्या सोयीसाठी मालक निशाण निवडतात, याला सोयीचं निशाण असंच म्हणतात. माझ्या मते याची मुळं शोधायला लांब जायला नको, आपल्याच खाडीत बघावीत. अर्थात तेव्हा भांडण तोफांनी सुटायचं, आता वकील आणि विमा कंपन्या सोडवतात.

श्रीवर्धनचा माणूस

त्याच वर्षी, १७१३ मध्ये, कान्होजींचं घरात भांडण पेटलं होतं. शाहू महाराज साताऱ्याला, ताराराणी कोल्हापूरला, आणि कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना कोकणात पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद करून टाकलं.

मग बाळाजी विश्वनाथ आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. सिद्दीच्या त्रासामुळं घर सोडून घाटावर गेलेले. कान्होजींची आणि त्यांची जुनी ओळख. हा माणूस कान्होजींना हे सांगू शकत होता, की सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज तिघं दारात उभे असताना आपसात लढणं परवडणारं नाही. आणि ते पटलं, कारण सांगणाऱ्याला खारं वारं म्हणजे काय ते माहीत होतं. लोणावळ्याजवळ भेट झाली, समेट झाला. कान्होजींचे किल्ले आणि सरखेलपद कायम, निष्ठा शाहूंकडे, बहिरोपंत मोकळे. बाळाजी पेशवे झाले.

बहिरोपंत आणि बाळाजी, दोघंही मराठीच बोलत होते. फरक पडला तो भाषेनं नाही. आमच्याकडं घाटावरून नवा साहेब आला आणि त्यानं उरणच्या ट्रेलरवाल्यांशी चढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, की गेटवर रांग लागते. तोच हुकूम एखादा स्थानिक सुपरवायझर चहा पाजून सांगतो आणि रांग हलते. हे मी स्वतः बघितलंय.

शिक्का खरा, पत्र खोटं

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात कान्होजी फक्त नावापुरते आहेत. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची हीच.

चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानं आंग्र्यांचा बंदोबस्त करायचा पणच केला. जहाजं बांधली, मुंबईला तट घातला. नोव्हेंबर १७१८ मध्ये त्यानं खांदेरीवर हल्ला चढवला. सपशेल फसला. फसला की कारण लागतं, आणि कारण म्हणून एखादा माणूस मिळाला तर फारच बरं.

माणूस मिळाला, रामा कामती. मुंबईतले बडे शेणवी व्यापारी, कंपनीला शिपाई पुरवणारे, कंपनीच्या विश्वासातले. आपण ज्याला वाळकेश्वरचं देऊळ म्हणतो, ते त्यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधलं. त्यांच्यावर आरोप आला, की हल्ल्याची बातमी त्यांनी कान्होजींना आधीच कळवली. पुरावा काय? त्यांचा शिक्का असलेलं एक पत्र. आणि साक्षी. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून त्याच्याकडून जबाब घेतला होता. १७२० मध्ये खटला चालला, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त. आठेक वर्षांनी रामा कामती कैदेतच वारले. पत्र बनावट होतं हे नंतर उघड झालं. त्यांच्या मरणानंतर.

शिक्क्याची अडचण समजून घ्या. मराठी कागदात वर शिक्का असायचा आणि शेवटी मोर्तब. मोर्तब अशासाठी, की मजकूर इथं संपला, याखाली कुणी ओळ वाढवू नये. चांगली युक्ती होती. आमच्या कंटेनरच्या दारालाही सील असतं, त्यावर नंबर, आणि निर्यातीच्या डब्यांना तर आरएफआयडी ई-सील. दार मध्येच उघडलं तर कळतं. पण शिक्क्याचा ठसा दर वेळी सारखाच उमटतो. म्हणजे एक खरं पत्र हातात आलं, की कुशल कारागीर तसाच दुसरा शिक्का कोरू शकतो आणि मग हवा तो मजकूर लिहून त्याखाली उमटवू शकतो. शिक्का माणूस सांगतो, त्या माणसानं नेमकं हेच लिहिलं का ते सांगत नाही.

डिजिटल सही इथं वेगळी पडते. डिजिटल सही म्हणजे सहीचा स्कॅन केलेला फोटो नव्हे, हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. आधी संपूर्ण मजकुरापासून गणितानं एक छोटा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक काना बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. मग तो हॅश सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बांधतात. त्या माणसाची दुसरी, जाहीर किल्ली सगळ्यांना माहीत असते आणि तिनं कुणीही पडताळून बघू शकतो. त्यामुळं एका कागदावरची सही उचलून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. दर कागदाला ठसा वेगळा. रामा कामतींच्या खटल्यात हे असतं तर पत्र तिथंच उघडं पडलं असतं. अर्थात गव्हर्नरला पडताळायचं असतं तर.

आणि स्क्रीनशॉट? स्क्रीनशॉट हा शिक्क्यापेक्षाही कच्चा. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन निरोप वाटेत कुणी वाचू नये म्हणून आहे. निरोपाचा फोटो काढला की त्या फोटोला कसलंच संरक्षण नाही. मुळात चॅटच्या वर जे नाव दिसतं ते तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. मित्राचा नंबर कुणाच्याही नावानं सेव्ह करा, दोघांनी बसून गप्पा टाइप करा, फोटो काढा. झालं पत्र तयार. एडिटिंग ॲपसुद्धा लागत नाही.

हे मला कसं माहीत? माझ्या हातून झालंय. आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला होता. एक ट्रेलरचा ड्रायव्हर कुणाशी तरी सील तोडायचा व्यवहार करतोय, असा. मी त्याला ओळखत होतो, वर्षभर रोज सकाळी गेटवर रामराम व्हायचा. तरी मी तो आणखी दोन ग्रुपवर पुढं ढकलला, वर दोन शब्द स्वतःचे जोडून. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. अकरा दिवस तो घरी होता. मग कळलं की नाव त्याचं आणि नंबर दुसऱ्याचाच. तो कामावर परत आला. मी माफी मागितली तेव्हा त्यानं चहाचा घोट घेतला आणि एवढंच विचारलं, की माझा नंबर तुझ्याकडं होता ना. होता. एक फोन करायला मला अर्धा मिनिट लागला नसता.

दोघं मित्र, दोन तारखा

खांदेरी फसली, १७२० ची विजयदुर्गाची मोहीमही फसली, तेव्हा बूननं पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. डिसेंबर १७२१ मध्ये दोघांची फौज अलिबागवर चालून आली. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आलेला. कागदावर हिशोब केला तर कान्होजी संपलेच होते.

पण या दोघांचं एकमेकांत काय जमत होतं? साधी तारीख घ्या. पोर्तुगीजांनी नवं ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर अडून बसले. म्हणजे त्या वर्षी दोघांच्या कागदांत ११ दिवसांचं अंतर. आमने-सामने छावणीत बसलेले दोस्त, आणि एकाच दिवसाची तारीख प्रत्येकाची वेगळी! मराठ्यांचे कागद शकात आणि सुहूर सनात, ते निराळंच. आज एआयएस असो की तुमचा फोन, आत वेळ एकाच जागतिक घड्याळानं, यूटीसीनं, मोजली जाते. भारताचे साडेपाच तास नंतर मिळवून आपल्याला दाखवतात. ही कंटाळवाणी वाटणारी सोय किती भांडणं वाचवते ते बंदरात काम केल्याशिवाय कळत नाही.

हल्ल्याच्या वेळी इंग्रज किल्ल्याला भिडले, पोर्तुगीजांच्या बाजूनं हवी तशी साथ आली नाही, मराठी स्वारांनी दाणादाण उडवली. त्यानंतरचा प्रसंग क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रजानं लिहून ठेवलाय. संतापलेला मॅथ्यूज किनाऱ्यावर उतरला आणि पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली. खुद्द व्हाइसरॉयशीही वागणूक फारशी बरी नव्हती. ही त्या युतीतली बहुधा एकमेव गोष्ट, जिला दुभाष्या लागला नाही.

बाजीराव पेशवे फौज घेऊन पोचले होते. त्यांनी पोर्तुगीजांशी वेगळं बोलणं लावलं. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून स्वतंत्र तह केला आणि निघून गेले. दोन बलाढ्य आरमारं मिळून जे करायला आली होती, ते एकमेकांचं न कळल्यामुळं राहून गेलं. निव्वळ तेवढंच कारण नव्हतं हे खरं, कुलाब्याचा तट आणि आतले लोक भक्कम होते. पण छडीचा वाटा मोठाच.

आता जहाजांनी यावर उपाय काढलाय. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं रेडिओवर बोलायच्या ठरावीक वाक्यांचा संच मान्य केला. सोपी इंग्रजी, एका वाक्याचा एकच अर्थ. पंधरा म्हणायचं असेल तर एक-पाच असं आकडे सुटे करून म्हणायचं, कारण इंग्रजीत पंधरा आणि पन्नास ऐकायला जवळचे. ज्या क्रियापदातून परवानगी की शक्यता ते कळत नाही, ती टाळायची. मनिलाचा कप्तान, उरणचा पायलट आणि युक्रेनचा इंजिनिअर, तिघांची इंग्रजी तीन तऱ्हेची, तरी चारशे मीटर लांबीचं जहाज धक्क्याला लागतं. हे वाचायला रुक्ष आहे, ऐकायला त्याहून. पण कुणाच्या तोंडात छडी जात नाही.

शेवटची पत्रं

बून गेला, पुढं विल्यम फिप्स गव्हर्नर झाला. १७२४ मध्ये कान्होजींनी त्याला तडजोडीचं पत्र लिहिलं. फिप्सचं उत्तर उपदेशाचं होतं. लुटीवर राज्य चालत नाही, व्यापारानं देश भरभराटतो, असा सूर. कान्होजींनी त्याला दिलेलं उत्तर मला त्यांच्या साऱ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. व्यापाऱ्यांनाही हाव सुटत नाही, हे जगाचं रहाटगाडगं आहे, असं त्यांनी सुनावलं. शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभं केलं, आपली सुरुवात तिथून आहे, याची आठवण करून दिली. आपण कोण, हे तीस वर्षं तोफांनी सांगून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा शाईनं सांगितलं.

फिप्सनं ते वाचलं असणार. पण त्याच्या यादीत बदल झाला नाही. त्यानंतर शंभरावर वर्षं इंग्रजी पुस्तकांतून आंग्रे समुद्रचोरच राहिले.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. सेखोजी सरखेल झाले, ते चारच वर्षांत वारले, आणि मग भावाभावांत फाटलं. संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला, मानाजी कुलाब्याला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जळालं, ते पेशवे आणि इंग्रज यांच्या एकत्र मोहिमेत. घरातल्या घरात बोलणं संपलं होतं, त्याची ती किंमत.

त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. कुलाबा किल्ला बघून परतताना लोक एसटी पकडायच्या घाईत असतात, त्यामुळं ती राहून जाते. मीही दोनदा तसाच परतलो होतो. तिसऱ्यांदा गेलो तो त्या ड्रायव्हरबरोबर, त्याच्याच गाडीतून, सुट्टीच्या दिवशी. गाडी त्यानं सावलीला लावली, मी आत जाऊन आलो.

खांदेरीवर १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह बांधलं. ज्या बेटावरून ते दोनदा-तीनदा मार खाऊन परतले होते, तिथंच. त्या दीपगृहाचं नाव आता कान्होजी आंग्रे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी आणि आधीच ठरलेली असते, त्या ठेक्यावरून कप्तानाला कळतं की आपण कुठं आहोत. न्हावा शेव्याला यायला निघालेलं जहाज रात्री मुंबईच्या तोंडाशी आलं की तो उजेड नकाशाशी ताडून बघतं आणि मग आत वळतं. माझ्या फोनवर तेव्हा फक्त एक बाण किंचित फिरलेला दिसतो.